माशावरचे आजोबा

टक्.

तांदळाच्या डब्याचं झाकण निघालं. घट्ट बसणारं झाकण ते, कितीही जपून काढा, एकदा वाजायचंच. स्वयंपाकाच्या गडबडीत ते कोणाच्या कानावरही आलं नसतं. पण दुपारची वेळ होती, बदलापुरात कात्रपच्या त्या फ्लॅटमध्ये पंख्याशिवाय काही हलत नव्हतं, आणि ऋता मुलीला, सईला, कुशीत घेऊन नुसते डोळे मिटून पडली होती.

आत्ता तांदूळ? भात सकाळीच झाला होता. संध्याकाळी पोळ्या.

तिने मान न हलवता डोळे किलकिले केले. अर्ध्या उघड्या दारातून स्वयंपाकघराचा एवढासा तुकडा दिसत होता, आणि त्या तुकड्यात सासूबाईंची पाठ. पद्मजाबाईंनी मूठभर तांदूळ काढून रुमालात टाकले. मग साखरेचा डबा उघडला. मग रुमालाला गाठ. गाठ मारता मारता त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि ऋताने डोळे गच्च मिटून घेतले. स्वतःच्याच घरात, चोरासारखे. दोघींतली चोर कोण, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

"सईला बागेत नेते गं," ऊन उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या. "तू पड जरा."

शुक्रवार होता. मागच्या शुक्रवारीही त्या अगदी हेच म्हणाल्या होत्या, "तू पड जरा" सकट.

आता मूठभर तांदळासाठी कोणी सासूवर पाळत ठेवत नाही. ऋताचा स्वभावही तसा नव्हता. पण घराचे दिवस फिरले की माणसाचे कान तिखट होतात. तिचा नवरा शौनक अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ऑफिसर होता, तो कारखाना दिवाळीच्या तोंडावर बंद पडला. सुरुवातीला शौनकने फोन केले, अर्ज केले, इस्त्रीचा शर्ट घालून दोन-तीन ठिकाणी जाऊनही आला. हळूहळू शर्टाची इस्त्री गेली, मग शर्टच गेला. हल्ली तो बनियनवर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा, तोंड समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे. त्या भिंतीवर बघण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं.

अशात कीर्तीचा फोन आला होता. कीर्ती म्हणजे ऋताची कॉलेजची मैत्रीण. अंबरनाथच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये जागा होती, केमिस्ट्रीची एम.एस्सी. हवी होती, आणि ऋताची एम.एस्सी. सई झाल्यापासून कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून होती. इंटरव्ह्यू झाला. घेतोय म्हणाले. फक्त 'हो' येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारपर्यंत कळवा.

"मग अडलंय कुठे?" कीर्ती म्हणाली. "सईकडे आजी आहे की घरात!"

अडलं होतं ते तिथेच. शौनकच्या भरवशावर मुलीला सोडायची सोय नव्हती. एकदा सोडून पाहिलं, तर सईची स्कूलबस आली नि गेली, हा गॅलरीत तसाच, आणि पोर खाली वॉचमनच्या खुर्चीत रडून रडून झोपलेली. राहिल्या सासूबाई. ऋता कामाला जाणार की नाही, हे घर पुन्हा उभं राहणार की नाही, सगळं एका गोष्टीवर येऊन ठेपलं होतं: सईला त्यांच्या हाती दिवसभर बिनघोर सोपवता येईल का?

आणि त्या शुक्रवारी सई घरी आली ती फ्रॉकचा घेर ओला, बोटं साखरेने चिकट.

"कुठल्या बागेत गं एवढं पाणी?" ऋताने विचारलं.

सईने उत्तर देण्याआधी आजीकडे पाहिलं. ऋताला फ्रॉकपेक्षा ते पाहणंच जास्त लागलं.

"सिक्रेट आहे," सई म्हणाली.

"अगं, नळाखाली खेळत होती," पद्मजाबाई घाईने म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाथरूममध्ये डोक्यावर तांब्या ओतताना मुलं सिक्रेट विसरतात, हे प्रत्येक आईला ठाऊक असतं.

"आई, मासा माणसाला उचलू शकतो?"

"कुठल्या माणसाला?"

"आजोबांना. पांढरी दाढीवाले. ते माशावर बसतात. आम्ही त्यांना तांदूळ दिले आणि साखर दिली. थोडी साखर मी खाल्ली, पण ते रागवत नाहीत. आजीने पदर असा केला," सईने ओले हात झोळीसारखे पसरले, "आणि खूप वेळ बोलत होती."

"कोणाशी?"

"पाण्याशी."

"काय बोलत होती?"

"मला नाही कळलं. आजीची ती दुसरी भाषा आहे ना, तिच्यात."

ऋताच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकून थांबली नाही.

दुसरी भाषा. पहाटे देवापुढे सासूबाई काहीतरी पुटपुटायच्या, ते तिनेही ऐकलं होतं. शब्द ओळखीचे वाटायचे आणि ओळख द्यायचे नाहीत. तिला वाटायचं, असेल एखादं जुनं स्तोत्र. आता वाटेना. संध्याकाळी तिने त्यांची कापडी पिशवी उलटी केली. तळाशी कणकेचा एक वाळका गोळा होता, मध्ये खळगा, खळग्यात जळकी वात.

ऋता संगमनेरकडची. तिथे तिठ्यावर कणकेचा दिवा आणि तांदूळ दिसले की तिची आई हात धरून तिला लांबून न्यायची. "ओलांडायचं नाही. बघायचंही नाही. कोणीतरी आपली पीडा उतरवून टाकलीय." एम.एस्सी. डोक्यात असते, ही भीती पोटात असते, आणि दोघींची गाठभेट सहसा होत नाही. आज झाली, आणि पोटातलीने डोक्यातलीला हा हा म्हणता खाली बसवलं.

पीडा घरात होती. गॅलरीत बनियनवर बसलेली. ती कोणाच्या अंगावरून उतरवली जात होती?

तिने अंबरनाथला फोन लावला. सखूआत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. सासरे, चिंतामणराव, गेल्यापासून जुनं काही विचारायचं तर त्यांनाच.

"आत्या, आईंचं माहेर कुठलं हो?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. "आज काय मध्येच?"

"सईला शाळेत फॅमिली ट्री काढायचंय." संशय माणसाला खोटं बोलायला शिकवतो, तेही किती सफाईने.

"मग दादाच्या बाजूचं काढ की. चार पिढ्या घडाघडा सांगते, घे लिहून."

"आणि आईंच्या बाजूला?"

"तिथे एक छानसं फूल काढ."

"आत्या!"

"अगं, आमच्या आईने तेव्हाच सांगून ठेवलंय, वहिनीच्या माहेरचा विषय या घरात नाही म्हणजे नाही. आई गेली, दादा गेला, पण मी शब्द दिलाय. मला कशाला पापात पाडतेस?"

"पण एवढं आहे काय त्यात?"

"काही नाही. काही नाही म्हणून तर विचारू नकोस."

फोन ठेवल्यावर ऋताला एकेक आठवत गेलं. सगळं बदलापूर कपड्यांच्या खरेदीला उल्हासनगरला पळतं, सासूबाई कधी गेल्या नाहीत. ऋताच्या स्वतःच्या लग्नाच्या साड्या घ्यायला सगळे निघाले, तर ऐनवेळी त्यांचं डोकं दुखलं. भाऊबीजेला त्यांच्याकडे कोणी येत नसे. त्यांचा लहानपणीचा एकही फोटो घरात नव्हता. लहानपण नसलेली बाई! तेव्हा हे सगळं साधं वाटलं होतं. आता त्यातलं एकही साधं राहिलं नाही.

सकाळी भांडी घासायला तानी आली. ती खरवईच्या पलीकडच्या पाड्यावरून यायची आणि वाटेत दिसलेलं सगळं पदराला बांधून आणायची.

"तानी, आईंना कधी नदीवर पाहिलंस?" ऋताने आवाज खाली ठेवून विचारलं.

"पायलं ना. मावशीकडं गेल्ते पल्याड, तवा. घाटावं बसलेल्या, नातीला घेऊन. दिवा सोरला पान्यान."

"कणकेचा?"

"तं काय सोन्याचा सोरतील?" तानीने पातेलं उपडं घातलं. "काय नवस बिवस आसंल म्हातारीचा. इचारा ना त्यांनाच. सासू हाय ती तुमची, वाघ नाय."

वाघ असता तर विचारणं सोपं होतं. ऋताला भीती प्रश्नाची नव्हती, उत्तराची होती. न विचारता सोमवार अजून शिल्लक होता. विचारलं आणि खरं निघालं, तर नोकरी संपली, आणि त्या घरात एका ताटात जेवणंही संपलं.

तिने शौनकला गाठलं.

"तुझ्या आईच्या माहेरचं एक तरी माणूस तू पाहिलंयस?"

"नाही." भिंतीकडे बघतच.

"विचारलंस कधी?"

"लहानपणी एकदा. आजीने भरल्या ताटावरून उठवलं होतं." "आई म्हणाली, मला माहेर नाही, तूच माझं माहेर. मला तेव्हा भारी वाटलं होतं."

"ती सईला नदीवर नेते. उतारा करते, शौनक. तुझ्यावरची पीडा सईवरून उतरवते."

आता तो वळला. बऱ्याच दिवसांनी त्याने ऋताकडे नीट पाहिलं. "आई तशी नाही."

"कशी आहे मग? सांग ना, तुला तरी माहितीये का?"

खुर्ची पुन्हा भिंतीकडे फिरली.

पुढच्या शुक्रवारी ऋताने डोकं दुखतंय म्हणून चादर ओढून घेतली. झाकण वाजलं. थोड्या वेळाने लॅच लागला. ती उठली, ओढणी गळ्यात टाकली आणि जिना उतरली. सासूबाईंची रिक्षा बागेच्या बाजूला वळली नाहीच. पुलावरून पश्चिमेला गेली, गावाच्या अंगाने, थेट उल्हास नदीच्या घाटापर्यंत. ऋताची रिक्षा मागे. "मॅडम, उनको रोकने का है क्या?" रिक्षावाल्याने आरशातून उत्साहाने विचारलं. ती म्हणाली, "नाही. फक्त मागे राहा." आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ती लाजही पोटात ढकलून ती घाटाच्या कठड्याआड उभी राहिली.

पद्मजाबाई खालच्या पायरीवर बसल्या होत्या. पुढ्यात स्टीलची ताटली, तीत कणकेचा दिवा. त्यांनी वात पेटवली. रुमाल सोडला. सईच्या दोन्ही मुठी तांदळांनी भरल्या. मग ताटली उचलून त्यांनी ती सईच्या तोंडासमोरून हळूच फिरवली.

इतकंच ऋताला पुरलं. पायऱ्या कशा उतरली ते तिला कळलं नाही. तिने सईला बखोटीला धरून मागे ओढलं, कोपर ताटलीला लागलं, ताटली खणखणत पायऱ्यांवरून गेली, दिवा उलटला, तांदूळ सगळीकडे उधळले.

"आई!" सई किंचाळली. "आजोबांचं सांडलं!"

पलीकडे कपडे धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. पद्मजाबाई तशाच बसून होत्या, ताटली धरल्यासारखे हात हवेत.

"काय वाटलं तुला?" त्या शेवटी म्हणाल्या. "बोल. इतक्या लांब आलीस पाठीमागून, तर आता बोल."

"उतारा," ऋता म्हणाली. बोलल्यावर शब्द केवढा तरी मोठा वाटला.

"कोणाचा?"

"शौनकचा. सईवरून."

पद्मजाबाई हसल्या, पण ते हसू नव्हतं. "माझ्या सासूबाई मी बाहेरून आले की माझे हात हुंगायच्या. त्यांना वाटायचं, मी कुठेतरी मासे खाऊन आलेय. तुला वाटलं, मी नातच खाईन. चढती कमान आहे आमच्या घराची."

"मग हे काय आहे? आणि ती भाषा कुठली?"

"सिंधी," पद्मजाबाई म्हणाल्या. "मी सिंधी आहे, ऋता. माझं नाव भगवंती."

नदीवरून वारा आला. ऋताची ओढणी उडाली, ती तिने धरली.

"उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात जन्मले. बराकीत. तुझे सासरे आणि मी, एका टायपिंगच्या क्लासला होतो. माझ्या बाबांनी सांगितलं, गेलीस तर आम्हाला मेलीस. इकडे सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले, त्यात अंगठीने 'पद्मजा' लिहिलं आणि माझ्या कानात म्हणाल्या, हे नाव, आणि याच्या आधीचं काहीही नाही. दोन्हीकडची माणसं शब्दाची पक्की निघाली. मधली मीही."

"आजीचं नाव भगवंती आहे, हे मला माहिती होतं," सई डोळे पुसत म्हणाली. "ते पण सिक्रेट होतं."

"आणि हा दिवा?"

"दिवा म्हणजे दिवा. झुलेलालचा. पाण्याचा देव, माशावर बसतो. त्याच्या नावाने शुक्रवारी वाहत्या पाण्यात तांदूळ-साखर सोडायची, त्याला अखो म्हणतात. दिव्याची ऊब मी तिच्या डोळ्यांना लावत होते, आपण आरती घेतो तशी. तुमच्याकडे कणकेचा दिवा म्हणजे पीडा. आमच्याकडे तोच देव. मी तरी काय करू त्याला?"

ऋता पायरीवर बसली. पण पाल अजून गप्प झाली नव्हती.

"इतकी वर्षं नाही केलंत. मग आत्ताच का?"

"तो भिंतीकडे बघत बसतो म्हणून." पद्मजाबाईंनी उलटलेला दिवा उचलला, त्याची वाळू पुसली. "असं बसलेल्या माणसाचं मी आधी ऐकलंय. माझे पणजोबा. सिंधमध्ये मोठं दुकान होतं, फाळणीत सगळं तिथेच राहिलं. कॅम्पात आले आणि बराकीच्या भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसले. ते काही उठेनात. माझी पणजी, तिला आम्ही सगळे अम्मा म्हणायचो, ती पहिल्या शुक्रवारी मूठभर तांदूळ घेऊन निघाली. लोक हसले. रेशनचे तांदूळ, आणि ही पाण्यात टाकते! शिवाय पाणी कुठे? सिंधू तर मागे राहिलेली. ती म्हणाली, समोर जे पाणी आहे तेच आपली सिंधू. आणि नळाच्या हौदात सोडले."

"हौदात?" सईला हसू आलं. "आजोबा हौदात मावले?"

"मावले. ते कुठेही मावतात." पद्मजाबाईंनी तिच्या गालावरचा तांदूळ काढला. "आणि पदर पसरून मागायचं, ते आधी सगळ्यांचं मागायचं. शेजारच्या बराकीचं, गावाचं. आपलं शेवटी. मी लहान असताना अम्मा खूप म्हातारी होती, मला घेऊन जायची. मी म्हणायचे, आपलं आधी का नाही? तर म्हणायची, अगं, रांगेत पुढे घुसणाऱ्याला रेशनवालासुद्धा ओळख देत नाही."

ऋताला हसायला आलं, आणि त्याच वेळी भरूनही आलं. तिने दोन्ही आवरलं. एक गोष्ट अजून बाकी होती, आणि ती न बोलता उठणं म्हणजे पुन्हा झाकणाचा आवाज ऐकत पडून राहणं होतं.

"आई, देव कुठलाही असू दे. तुम्ही तिला गप्प राहायला शिकवलंत. माझ्यापासून. उद्या तिला कोणी वाईट माणूस म्हणाला, हे आपलं सिक्रेट, आईला सांगू नकोस, तर ती ऐकेल. कारण आजीचं ऐकलं होतं."

पद्मजाबाईंचा चेहरा उतरला. हे त्यांना लागलं. उताऱ्यापेक्षा जास्त लागलं.

"मला दुसरं येतच नाही गं," त्या हळू म्हणाल्या. "लपवायचं, एवढंच केलंय. जे येतं तेच तिला दिलं."

"सोमवारी मला लॅबला कळवायचंय. सईला तुमच्याकडे सोडून मी जाईन. पण चोरून नाही. आज शौनकला सांगा. तुम्ही, तुमच्या तोंडाने. नाहीतर मी 'नाही' कळवते."

"आणि त्याने मला निम्मी धरली तर? आयुष्यभर ज्या आईला आई म्हणाला, ती अर्धी भलतीच निघाली, असं वाटलं तर?"

ऋताने पायरीवर पडलेली ताटली उचलून सरळ ठेवली. ती म्हणाली, "तो आत्ता भिंतीकडे बघतोय. तुमच्याकडे बघेल, एवढं तरी होईल."

सई मघापासून पायऱ्यांवरचे तांदूळ वेचत होती. मूठ भरल्यावर ती आजीसमोर उभी राहिली. "हे चालतील? थोडी माती आहे."

"अम्माच्या रेशनमध्ये खडे होते," पद्मजाबाई म्हणाल्या. "चालतात."

त्यांनी पदर पसरला. मग ऋताकडे बघितलं, बोलावलं नाही. ऋताने क्षणभर वाट पाहिली. मग गळ्यातली ओढणी सोडली. "हे चालतं?"

"मागायला कुठलंही कापड चालतं."

त्या बोलत गेल्या. ऋताला एक शब्द धड कळला नाही. पण ते काही स्तोत्र नव्हतं, ते तिला पहिल्यांदा ऐकू आलं. एक बाई कोणाकडे तरी घरची गोष्ट काढते तसं ते होतं. सईने मूठ सोडली. तांदूळ बुडाले, एक-दोन दाणे वर तरंगले आणि मग तेही गेले.

घरी पोचल्या तेव्हा शौनक दारातच होता. "कुठे होतात तिघी? फोन पण घरी ठेवून! मला वाटलं..." तो एकदा ऋताकडे, एकदा आईकडे बघत राहिला. हीच नजर ऋता आठवडाभर घेऊन फिरत होती. समोरून ती कशी दिसते, ते तिला आत्ता कळलं.

"आईंना विचार," ती म्हणाली आणि कणीक मळायला घेतली.

पद्मजाबाई उभ्या उभ्याच बोलल्या. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशा, कुठेही न थांबता. टायपिंगचा क्लास, ताटातले तांदूळ, अम्मा, हौद. फक्त 'भगवंती' म्हणताना त्यांचा आवाज बदलला. आपल्याच नावाची सवय गेलेली. ऋता पोळपाटाकडे बघत होती, पण तिचे कान शौनकच्या श्वासाकडे होते. तो आता ओरडेल. नाहीतर उठून गॅलरीत जाईल आणि मग कधीच वळणार नाही. सोमवार, लॅब, सगळं त्या श्वासावर टांगलेलं.

"लहानपणी मला ताप आला की," शौनक म्हणाला, "तू कानाशी काहीतरी म्हणायचीस. मला एक अक्षर कळायचं नाही. मला वाटायचं, तापात मराठी असंच ऐकू येतं."

पद्मजाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"तेच होतं ना ते?"

त्यांनी मान हलवली.

"एकदा म्हण ना."

"आता ताप कुठे आहे तुला?"

"आहे," तो म्हणाला. "दिवाळीपासून आहे."

त्या त्याच्याजवळ गेल्या. एवढा थोरला मुलगा खुर्चीत, आई वाकलेली, आणि ऋताने पोळी तव्यावर टाकली, कारण तिकडे बघवेना. पुटपुटणं थांबलं तसं शौनकने विचारलं, "मग ते पणजोबा उठले का?"

"लगेच कुठले! आधी अम्मा उठली. पापड लाटायला लागली. लाटलेले पापड वाळत घालायला अंगणात कोणी हवं ना, कावळे हाकायला? मग बसल्या जागीच खाट फिरवली त्यांनी. भिंतीकडून अंगणाकडे. अम्मा म्हणायची, पहिली नोकरी ती."

शौनक हसला. मोठ्याने नाही, नाकातून फुस्स करून, पण हसला. मग त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. "कॅम्पात अजून कोणी आहे आपलं?"

"भाऊ होता. हरेश. मी निघाले तेव्हा शाळेत जायचा. मला रिक्षापर्यंत सोडायला आला होता, कोणाला न सांगता. आहे की नाही, माहीत नाही."

"म्हणजे मला मामा आहे?" शौनक म्हणाला. केस पांढरे व्हायला लागलेला माणूस, पण प्रश्न सईच्या वयाचा. "आई, अंबरनाथच्या पुढचं स्टेशन आहे ते! मी रोज... आपण एवढ्या जवळ राहिलो आणि तू..."

त्याचा आवाज चढला. तो राग होता, आणि उद्या-परवा तो अजून वाढेल, ऋताला दिसत होतं. सगळं काही एका संध्याकाळीत पचणार नव्हतं. तिचंही कुठे पचलं होतं? मघाशीच, पीठ घेताना, तिने नकळत तांदळाचा डबा किती खाली गेलाय ते बघून घेतलं होतं. संशय एकदा घरात शिरला की जा म्हटल्याने जात नाही, भाडेकरूसारखा मुदत मागतो. पण शौनक उभा होता. भिंतीकडे पाठ करून उभा होता आणि आईशी भांडत होता, आणि पद्मजाबाई डोळे पुसत पुसत उलट उत्तर देत होत्या, "तू मला ओरडू नकोस हां, मी तुझ्यापेक्षा मोठ्या माणसांचा ओरडा खाल्लाय!"

"मी सोमवारी 'हो' कळवतेय," ऋता मध्येच म्हणाली.

दोघंही क्षणभर थांबले. "कळव की," सासूबाई म्हणाल्या. "सईला मी बघते." आणि शौनककडे बोट करून, "ह्यालाही बघते." मग भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

सई ओट्याला टेकून हे सगळं ऐकत होती. इतका वेळ ती गप्प होती, यातच ऋताने काय ते समजायला हवं होतं. सई आजीपाशी गेली, तिचा पदर ओढला.

"आजी, लग्न झाल्यावर तू तुझ्या आईला विसरलीस?"

भांडण थांबलं. पद्मजाबाई खाली वाकल्या. "नाही गं. विसरले असं दाखवलं फक्त."

सईने यावर विचार केला. मग ती ऋताकडे वळली. कपाळाला आठी, आवाज अगदी कामाचा. उद्या शाळेत काय न्यायचं ते विचारावं तसा.

"आई, माझं लग्न झालं की मी कोणाला विसरले असं दाखवायचं? तुला, की आजीला?"